हास्याची वेठ

शहरातील मोठ्या दुकानांत, बँकांत, खाजगी रुग्णालयांत आणि उपाहारगृहांत आजकाल एक पाटी हटकून दृष्टीस पडते. शब्द निरनिराळे असले तरी आशय एकच: येथील प्रत्येक कर्मचारी आपले हसतमुखाने स्वागत करील. पाटी वाचून गिऱ्हाईक संतोष पावते, मालक आपल्या दूरदृष्टीवर खूष होतो. ज्याच्या मुखाची ही हमी परस्पर देण्यात आलेली असते त्याला मात्र कोणी विचारीत नाही. मालाची हमी दुकानदाराने द्यावी हे न्याय्य आहे. वजनमापाची, किमतीची आणि वेळेची हमीही त्याने द्यावी. परंतु दुसऱ्याच्या चेहऱ्यावरील प्रसन्नतेची हमी देण्याचा अधिकार त्याला कोठून प्राप्त झाला, हा प्रश्न आम्हांस विचारावासा वाटतो. कारण ही प्रथा दिसते तितकी निरुपद्रवी नाही. आमच्या मते ती एक नव्या प्रकारची वेठ आहे, आणि ती घेणाऱ्यांत मालकाइतकेच आपण सुशिक्षित म्हणविणारे गिऱ्हाईकही सामील आहोत.

आरंभीच एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. कर्मचाऱ्याने उद्धटपणे वागावे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. कचेरीच्या खिडकीपाशी दोन तास तिष्ठत उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्यावर खेकसणारा कारकून, किंवा रुग्णाच्या नातेवाइकांना धड उत्तर न देणारा डॉक्टर, यांचा कैवार घेण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. सौजन्य हे प्रत्येक नोकराचे कर्तव्यच होय. पण सौजन्य म्हणजे काय? समोरच्याचे ऐकून घेणे, खरे ते सांगणे, अपशब्द न वापरणे, रांगेत उभ्या असलेल्यांत गरीब-श्रीमंत असा भेद न करणे, आपल्या हातून चूक झाली तर ती दुरुस्त करणे. या साऱ्या क्रिया आहेत. त्या डोळ्यांना दिसतात, सांगून करवून घेता येतात, आणि न केल्यास त्यांचा जाबही विचारता येतो. प्रसन्नता ही क्रिया नव्हे. ती मनाची अवस्था होय. आज्ञा केली म्हणून ती उपजत नाही. आज्ञेने उपजते ते तिचे सोंग. मालकाने पगार द्यावा आणि सौजन्य मागावे. प्रसन्नता मागण्याचा हक्क त्या पगाराबरोबर येत नाही. हा आमच्या लेखाचा सारा मुद्दा. पुढील विवेचन त्याचाच विस्तार आहे.

या विषयाची शास्त्रीय चर्चा पाश्चात्य देशांत बरीच झालेली आहे. आर्ली रसेल हॉक्शिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९८३ साली एक ग्रंथ प्रसिद्ध करून या व्यवहाराला ‘भावश्रम’ या अर्थाचे नाव दिले. डेल्टा या विमान कंपनीतील सेविकांचे शिक्षण कसे होते, याचे तिने बारकाईने निरीक्षण केले. तेथे तिला सोंगाच्या दोन पायऱ्या आढळल्या. पहिलीत माणूस केवळ ओठ हसवितो. आत काय चालले आहे ते त्याचे त्याच्यापाशी राहते. दुसरीत त्याला आतूनच हसरे होण्यास शिकविले जाते: प्रवासी म्हणजे आपल्या घरी आलेला पाहुणा आहे, तो त्रास देतो तेव्हा तो भ्यालेला मूल आहे, असे मानून स्वतःचा राग मुळातच उपजू न देण्याची तालीम दिली जाते. वरवर पाहता ही दुसरी पायरी अधिक उदात्त वाटते. परंतु हॉक्शिल्ड यांच्या मते खरा धोका तिच्यातच आहे. आपले हसू कंपनीच्या मालकीचे झाले की, घरी मुलाला पाहून आलेले हसू आपले की कंपनीचे, हेच त्या माणसाला उमगेनासे होते. यंत्रावर राबणाऱ्याचे हात जसे त्याला परके होतात, तसे येथे राबणाऱ्याचे मनच त्याला परके होते.

आपल्याकडील विमान कंपनीचा इतिहासही काही निराळा नाही. एअर इंडियाच्या नियमांप्रमाणे हवाई सुंदरीला वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, अथवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास, किंवा पहिल्याच गर्भारपणी नोकरी सोडावी लागे. नर्गेश मिर्झा खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने यांपैकी गर्भारपणाचा नियम भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान ठरवून रद्द केला. विवाहाचा नियम मात्र कायम ठेवला. विमानातून प्रवाशांना सुखरूप उतरविण्याचे शिक्षण घेतलेल्या स्त्रीकडून कंपनीला मुख्यतः काय हवे होते, हे त्या नियमावलीवरून पुरते स्पष्ट होते.

परंतु ही सारी पश्चिमेकडून आलेली साथ आहे आणि आपला समाज पूर्वी तिच्यापासून मुक्त होता, अशी जर कोणाची समजूत असेल तर ती भाबडेपणाची आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. दरबारात कमरेत वाकून सलाम करणे आणि नजराणा पेश करताना मुद्रेवर कृतार्थता दाखविणे हा त्या राज्यातील रीतिरिवाजाचा भाग होता. पण दरबार दूर राहिला. गावगाड्यात तर ही सक्ती रोजची होती. महार वतनदाराने निरोप पोचवावा, सारा वसुलीच्या वेळी राबावे, मेलेली गुरे ओढावी, एवढ्याने भागत नसे. त्याने ‘जोहार’ घालावा, नजर खाली ठेवावी, शिळ्या भाकरीबद्दल उपकृत दिसावे, हेही त्याच्या कामातच मोडत असे. श्रम तर घेतलेच, पण श्रम घेतल्याबद्दलची कृतज्ञताही त्याच्याकडूनच वसूल केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात सुधारणा करणारे विधेयक मांडले, ते या जोखडाविरुद्धच. वेतन ठरलेले नसले की सेवेला सीमा राहत नाही, आणि सेवेला सीमा राहिली नाही की ती हळूहळू मनापर्यंत पोचते, हे वतनपद्धतीच्या इतिहासाने आपल्याला शिकविले आहे. आजच्या चकचकीत दुकानातील सक्तीच्या हास्यात आणि त्या जोहारात अंतर पुष्कळ आहे, हे आम्हांस मान्य आहे. दुकानातील मुलगी नोकरी सोडू शकते. वतनदाराला गाव सोडणे कठीण होते. तरीही दोहोंचे कूळ एक आहे: दोन्हीकडे कामाबरोबर मनाचे प्रदर्शनही करारात न लिहिता घेतले जाते.

येथे कोणी रसिक वाचक बालगंधर्वांचे उदाहरण पुढे करील. १२ मार्च १९११ रोजी मुंबईस ‘संगीत मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग व्हावयाचा होता. त्याच दिवशी नारायणराव राजहंस यांची तान्ही मुलगी निवर्तली. तरीही ते भामिनीच्या वेषात रंगभूमीवर उभे राहिले, ही हकीकत मराठी माणसाने पिढ्यान् पिढ्या सांगितली आहे. कर्मचाऱ्यांच्या शिबिरांतून हिचा उपयोग कसा होईल, याची कल्पना करणे कठीण नाही: एवढा मोठा नट काळजावर दगड ठेवून उभा राहतो, आणि तुम्हाला गिऱ्हाइकापुढे साधे हसता येत नाही! हा युक्तिवाद वरपांगी बिनतोड वाटतो; पण तो तपासून पाहिला असता त्यातील वर्म ध्यानात येते.

नटाचा अभिनय आणि नोकराचे सक्तीचे हास्य यांत तीन मूलभूत भेद आहेत. पहिला असा की, अभिनय हे नटाचे कामच आहे. ती कला त्याने आपण होऊन पत्करलेली आहे आणि तिच्यासाठीच त्याचा गौरव होतो. बँकेत रोकड मोजणारा मनुष्य रोकड मोजण्यासाठी नेमलेला असतो. अभिनय त्याच्यावर फुकटात लादलेला असतो. दुसरा भेद असा की, प्रेक्षक आणि नट या दोघांनाही हे सोंग आहे हे ठाऊक असते. भामिनी म्हणजे नारायणराव नव्हेत हे थिएटरातील शेवटच्या बाकावरच्यालाही कळत होते, आणि म्हणून त्यात कोणाचीच फसवणूक नव्हती. दुकानात मात्र सोंग सोंग म्हणून चालत नाही. ते खरे वाटलेच पाहिजे अशी अट असते. तिसरा भेद सर्वांत महत्त्वाचा. नाटकाचा पडदा पडतो. मग नट रंग पुसतो, आणि आपल्या दुःखापाशी परत जातो. आठ-दहा तास उभी राहणारी विक्रेती मध्यंतरात तरी कोठल्या पडद्याआड जाणार?

आपल्या नाट्यशास्त्राने तर हा विचार शेकडो वर्षांपूर्वीच केलेला आहे. भरताने स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय असे आठ सात्त्विक भाव सांगितले. हातवारे शिकविता येतात, वाणी शिकविता येते. पण मन एकाग्र झाल्यावाचून हे आठ भाव प्रकट होत नाहीत, म्हणून त्यांची गणना निराळी. नाटकाच्या आचार्यांनाही जेथे आज्ञेची मर्यादा ओळखावीशी वाटली, तेथे आमचे आजचे व्यवस्थापक एका परिपत्रकाने प्रसन्नता उत्पन्न करू पाहतात, याला धाडस म्हणावे की अज्ञान, हे वाचकांनीच ठरवावे.

आता या वेठीच्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत गोड दिसणाऱ्या प्रकाराकडे वळू. दुकानातील हास्य निदान पगारी तरी असते. पण ज्या कामात माया, जिव्हाळा आणि धीर यांची खरोखरच गरज असते, तेथे आपण एक विलक्षण युक्ती केली आहे: कामाला नात्याचे नाव दिले, आणि पगाराला मानाचे. परिचारिका ही ‘सिस्टर’, रुग्णालयातील आया ही ‘मावशी’, अंगणवाडी चालविणारी ‘सेविका’ आणि ‘ताई’, गावोगाव फिरणारी आरोग्य कार्यकर्ती तर ‘आशा’च. आणि यांपैकी अंगणवाडी सेविकेला व आशाताईला जे मिळते त्याचे नाव वेतन नव्हे, ‘मानधन’! मराठी भाषेत इतका सुंदर शब्द इतक्या कंजूष कामासाठी क्वचितच राबविला गेला असेल. मान दिला की धन कमी देता येते, आणि बहीण म्हटले की बहिणीने हिशेब मागणे अशोभनीय ठरते.

ही अतिशयोक्ती नाही. अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. आशा कार्यकर्त्यांची नेमणूक राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००५ नंतर झाली. साधारणतः एक हजार लोकवस्तीमागे एक आशा, असे त्याचे प्रमाण. गरोदर बाईला दवाखान्यात नेणे, लसीकरणासाठी घरोघर फिरणे, नाखूष सासूला समजाविणे, भ्यालेल्या सुनेला धीर देणे हे तिचे काम. करोनाच्या साथीत १५ सप्टेंबर २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू केली, तेव्हा दारोदार जाऊन ताप मोजण्याचा आणि बंद दारांमागचे अपशब्द ऐकून घेण्याचा भार बहुतांशी याच स्त्रियांच्या शिरावर पडला. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये भारतातील आशा कार्यकर्त्यांचा जागतिक सन्मान केला. त्यापूर्वीच, जून २०२१ मध्ये, महाराष्ट्रातील आशांना मानधनवाढीसाठी संपावर जावे लागले होते. आणि सन्मानानंतरही २०२४ च्या आरंभी त्यांना मुंबईच्या आझाद मैदानावर ठाण मांडावे लागले. मानाला कोठेच तोटा नव्हता; धनाचे तेवढे बोलावयाचे नव्हते.

अंगणवाडी सेविकांच्या बाबतीत तर सरकारी तर्कशास्त्राने कळस गाठला. त्या मानसेवी, म्हणून त्यांना नोकर म्हणता येत नाही आणि नोकराचे वेतन देता येत नाही, हे एक मत. पण त्याच सेविकांनी संप करू नये म्हणून त्यांना अत्यावश्यक सेवेचा कायदा, म्हणजे ‘मेस्मा’, लावण्याचा निर्णय मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने घेतला, आणि विधिमंडळात गदारोळ झाल्यावर त्याला स्थगिती द्यावी लागली. पगार मागितला तर तुम्ही स्वयंसेविका. काम थांबविले तर अत्यावश्यक कर्मचारी! सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली अंगणवाडी सेविका व मदतनीस या ग्रॅच्युइटीस पात्र आहेत असा निर्णय दिला, तेव्हा कोठे या दुटप्पीपणाला एक चीर पडली. भारतीय राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केलेली आहे. दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने या अनुच्छेदाचा असा अर्थ लावला की, किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात घेतलेले श्रम हे सक्तीचे श्रमच होत. पोटाची गरज हीदेखील सक्तीच. विटा वाहणाऱ्या हाताला लागू झालेले हे तत्त्व घरोघर धीर वाटीत फिरणाऱ्या मनाला का लागू होऊ नये, याचे उत्तर आम्हांस तरी सापडत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रुग्णालयात भावनांचे नियमन केल्याशिवाय कसे चालेल? परिचारिकाच रडत बसली तर रोग्याने कोणाकडे पाहावे? आक्षेप खरा आहे. परंतु तो आमच्या विरुद्ध जात नाही. मन आवरणे निराळे आणि मन मांडून दाखविणे निराळे. आवरणे हा व्यवसायाचा धर्म आहे. शस्त्रवैद्याचा हात थरथरता कामा नये, परिचारिकेने औषधाची मात्रा चुकता कामा नये. या संयमाची गरज कामातूनच निर्माण होते, आणि तो संयम करणारीला त्याचा अभिमानही असतो. येथील शासकीय रुग्णालय, जे साऱ्या मराठवाड्यात ‘घाटी’ याच नावाने ओळखले जाते, तेथे किंवा तशा कोणत्याही मोठ्या रुग्णालयात एका खाटेवर मृत्यू येतो आणि शेजारच्या खाटेवर नवा रोगी येतो. त्या दोन खाटांमधील चार पावलांत परिचारिका आपले मन आवरते, यापरते मोठे कौशल्य आम्हांस दुसरे ठाऊक नाही. पण त्या चार पावलांनंतर तिने प्रफुल्लित दिसावे, आणि न दिसल्यास अभिप्रायाच्या वहीत तिच्याविरुद्ध शेरा पडावा, ही मागणी रोग्याच्या हिताची नव्हे. ती रुग्णालयाच्या जाहिरातीची आहे. तिला हवे आहे ते पुरेसे संख्याबळ, घटकाभर बसण्याची खोली, आणि झालेल्या मृत्यूविषयी सहकाऱ्यांशी दोन शब्द बोलण्याची मोकळीक. या तिन्ही गोष्टींना खर्च येतो. पाटीला फारसा येत नाही, म्हणून पाटी लागते.

आमच्या या शहरापासून शंभर किलोमीटरच्या आसपास अजिंठ्याची लेणी आहेत. सोळाव्या लेण्यात ‘मरणोन्मुख राजकन्या’ या नावाने प्रसिद्ध असलेले चित्र आहे. नंदाने प्रव्रज्या घेतल्याची वार्ता ऐकून मूर्च्छित झालेली त्याची पत्नी सुंदरी ती हीच, असे अभ्यासक मानतात. प्रेक्षकांचे लक्ष राणीवर खिळते ते स्वाभाविकच. पण तिला सावरणाऱ्या आणि तिच्याभोवती जमलेल्या परिचारिका स्त्रियांचे चेहरे पाहावेत. त्या आपापले काम करीत आहेत आणि त्यांच्या मुद्रांवर चिंता आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकाराने दासींना काम दिले, पण त्यांचे चेहरे त्यांचे त्यांनाच ठेवू दिले. आम्ही मात्र अद्ययावत रुग्णालयांत नेमके तेच काढून घेतो.

हास्याप्रमाणे क्रोधाचीही वेठ असते, हे विसरता कामा नये. हॉक्शिल्ड यांनी विमानसेविकांबरोबरच थकबाकी वसूल करणाऱ्यांचाही अभ्यास केला होता. एकीचे काम गिऱ्हाइकाला मोठे वाटायला लावण्याचे, दुसऱ्याचे त्याला क्षुद्र वाटायला लावण्याचे. आपल्याकडे कर्जवसुलीसाठी नेमलेली तरुण मुले पाहावीत. बहुधा ती स्वतःही कर्जबाजारी घरांतलीच असतात. त्यांनी दरडवावे, चारचौघांत नावे घ्यावीत, अशी अपेक्षा करणारा वरिष्ठ थंडगार खोलीत बसलेला असतो. या जाचाला आळा घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये फर्मान काढले की, थकीत कर्जासाठी सकाळी आठच्या आधी व सायंकाळी सातनंतर ऋणकोला दूरध्वनी करू नये, आणि त्याला धाकदपटशा दाखवू नये. ऋणकोचे संरक्षण झाले हे उत्तमच. पण दिवसभर उसना राग बाळगून घरी जाणाऱ्या त्या वसुली करणाऱ्या मुलाचे काय, हा विचार कोणत्याही परिपत्रकात आलेला नाही.

आणि आता आपल्याविषयी. मालकावर कोरडे ओढणे सोपे आहे. पण मालक हसू विकतो ते आपण विकत घेतो म्हणून. ‘गिऱ्हाईक राजा आहे’ हे वचन आपण लहानपणापासून ऐकत आलो. गिऱ्हाइकाच्या थोरवीचे एक वचन तर महात्मा गांधींच्या नावाने कित्येक बँकांच्या भिंतींवर टांगलेले आढळते. ते गांधीजींचे असल्याचा विश्वसनीय पुरावा नाही. राजा म्हटल्याबरोबर आपल्यातला जुना जहागीरदार जागा होतो. घरी जेवण पोचविणाऱ्या मुलाला पावसात उशीर झाला, तर आपण त्याला दारातच फैलावर घेतो आणि वर भ्रमणध्वनीवर एक तारा कमी देतो. तो मात्र जाताना ‘थँक्यू सर’ म्हणतो, कारण त्याची उद्याची कामे त्या ताऱ्यांवर अवलंबून असतात. राग हा वरच्यांचा हक्क आणि हसू हे खालच्यांचे कर्तव्य, अशी ही विभागणी आहे. साहेब कारकुनावर चिडतो तेव्हा त्याला कामाची तळमळ म्हणतात. कारकून चिडला तर तो बेशिस्त ठरतो. स्त्री कर्मचाऱ्याच्या वाट्याला यापुढचेही येते. तिला आधी हसण्याची सक्ती करावयाची, आणि मग कोणा गिऱ्हाइकाने त्या हसण्याचा भलता अर्थ घेतला तर दोष तिच्या हसण्याला द्यावयाचा! कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याने बाहेरून येणाऱ्या माणसांपासूनही कर्मचारी स्त्रीला सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. ती पार पाडण्याची पहिली पायरी म्हणजे हसण्याची सक्ती काढून टाकणे ही होय.

राजा आणि गिऱ्हाईक यांच्या या विषयात आमच्या शहराला एक जुना धडा उपलब्ध आहे. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय स्थापन केले. त्याचे नाव मिलिंद आणि परिसराचे नाव नागसेनवन. ही नावे ज्या ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातून आली, त्यात संवादाच्या आरंभी भिक्षू नागसेन राजाला एक अट घालतो: तुम्ही पंडितासारखे बोलणार असाल तर मी बोलेन, राजासारखे बोलणार असाल तर नाही. राजाने विचारले, भेद कोणता? नागसेनाच्या उत्तराचा आशय असा की, पंडितांच्या चर्चेत खंडन होते, मंडन होते, चूक दाखविली जाते आणि कोणी रागावत नाही. राजे मात्र एखादे मत पुढे करतात आणि जो त्याला विरोध करील त्याला दंड करतात. मिलिंदाने ही अट मान्य केली, म्हणून तो ग्रंथ घडला. ज्या शहरात ही दोन नावे रोज उच्चारली जातात, तेथील सुशिक्षितांनी तरी दुकानात शिरताना मुकुट बाहेर ठेवावयास हरकत नसावी.

उपाय काय, असे विचारले जाईलच. उपाय फार गूढ नाहीत. केरळात कोझिकोडच्या कापडदुकानांतील विक्रेत्या स्त्रियांनी चळवळ केली, आणि २०१८ साली त्या राज्याने दुकानांतील नोकरांना बसण्याचा हक्क देणारी सुधारणा केली. २०२१ साली तामिळनाडूने तोच मार्ग धरला. पायांचे दुःख कायद्याला कळू शकते, तर चेहऱ्याचेही कळू शकेल. कर्मचाऱ्याच्या मूल्यमापनात त्याचे काम, अचूकपणा, वेळ आणि सभ्यता यांना गुण असावेत, हास्याला नसावेत. शिवीगाळ करणाऱ्या गिऱ्हाइकाशी बोलणे थांबविण्याचा अधिकार प्रत्येक नोकराला लेखी असावा, आणि तो वापरल्याबद्दल त्याचा एक रुपयाही कापला जाऊ नये. ज्या कामात माया हेच भांडवल आहे, त्या कामाला मानधन नव्हे, वेतन मिळावे. ते मिळाल्यानंतर आपण तिला ताई म्हटले तर त्या शब्दाला काही अर्थ राहील.

कोणी म्हणेल, अशाने सारा व्यवहार रुक्ष होईल. आम्हांस तशी भीती वाटत नाही. एस.टी.चा वाहक क्वचितच हसतो. सुट्या पैशांवरून तो वाद घालतो, आणि आत सरका म्हणून ओरडतो. पण रात्रीच्या वेळी एखादी म्हातारी फाट्यावर एकटी उतरत असेल, तर घंटी देण्यापूर्वी तो तिला न्यावयास कोणी आले आहे की नाही हे पाहून घेतो. ही आस्था त्याला कोणत्याही शिबिरात शिकविलेली नसते, आणि तिच्याबद्दल त्याला तारे मिळत नाहीत. सक्ती उठविली की माणसे माणुसकी विसरतील, हा समजच मुळी श्रमकऱ्यांविषयीच्या तुच्छतेतून आलेला आहे.

वाचकांना आमची विनंती एवढीच आहे. यापुढे रुग्णालयातून वा दुकानातून निघताना अभिप्रायाचा कागद पुढे आला, तर काम नीट झाले की नाही ते अवश्य लिहावे. न झाले असेल तर स्पष्ट तक्रार करावी. पण ‘कर्मचारी हसतमुख होता काय?’ असा प्रश्न त्यात असेल, तर तो खोडून टाकावा, आणि त्याखाली व्यवस्थापकांना विचारावे की, येथील कर्मचाऱ्यांना पगार किती आहे आणि त्यांना बसावयास खुर्ची आहे काय.